शेतकऱ्याने वेल्डिंगचे पहिले यंत्र कसे निवडावे

मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीस वापसा आला आहे, शेजारच्या शेतात पेरणी सुरू झाली आहे, आणि नेमक्या अशा वेळी आपल्या पेरणीयंत्राचा एक फण जोडापासून निखळून पडावा, याहून जिवास लागणारी अडचण शेतकऱ्यावर क्वचितच येते. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानापुढे त्या दिवसांत अवजारांची रांग लागलेली असते. काम अर्ध्या तासाचे. परंतु नंबर लागण्यास दोन दिवस जातात, आणि वापसा कोणाकरिता थांबत नाही.

पूर्वी ही अडचण नव्हती असे नाही, पण तिचे स्वरूप निराळे होते. अवजारे लाकडाची असत. जू, दांडी, रुमणे मोडले तर गावचा सुतार, आणि फाळ किंवा फास बोथट झाली तर गावचा लोहार, हे दोघेही बलुत्यावर बांधलेले असत. सन १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलच्या माळावर कारखाना आणून किर्लोस्करवाडी वसविली. तेथले लोखंडी नांगर गावोगाव गेले आणि लाकडाचे दिवस सरत चालले. आज मोगड्यापासून ट्रॉलीपर्यंत व गोठ्याच्या फाटकापासून कडबाकुट्टीपर्यंत सर्व लोखंडाचे आहे. लोखंड मोडले म्हणजे त्यास विजेच्या ठिणगीने सांधणे हाच उपाय. आणि ही विद्या ज्याच्या घरी आहे तो शेतकरी हंगामात स्वतंत्र, इतरांनी रांगेत उभे राहावे.

हल्ली लहान यंत्रे पाच ते दहा हजार रुपयांच्या आसपास मिळू लागल्यापासून अनेक बंधू आम्हांस विचारतात की, ‘स्वस्तातले कोणते घ्यावे?’ या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही. परंतु ज्या कसोट्या लावून निवड करावी त्या सांगता येतात, व त्या सांगण्याचा अधिकार आम्हांस एका फजितीने मिळाला आहे. ती पुढे येईलच.

यंत्राचे प्रकार

विजेच्या ठिणगीने धातू जोडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. रशियातील बेनार्दोस याने १८८५ च्या सुमारास कोळशाच्या कांडीने, व १८८८ त स्लाव्यानोव याने धातूच्याच कांडीने जोड दिले. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग याने पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर लेप चढविला. तो लेप जळून त्याचा धूर वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण करतो व वर खपली धरतो. आज आपण बाजारातून जो रॉड आणतो तो याच जातीचा.

शेतकऱ्याने प्रथम हेच, म्हणजे रॉडचे वेल्डिंग शिकावे. तारेचे व वायूच्या सिलिंडरचे जे प्रकार आहेत, ते कारखान्याच्या छपराखाली उत्तम. परंतु उघड्या शेतात वाऱ्याची एक झुळूक आली की संरक्षक वायू उडून जातो व जोड भुसभुशीत होतो. शिवाय सिलिंडर भरून आणण्याची यातायात असतेच. वायूशिवाय चालणाऱ्या पोटभर तारेची यंत्रे आता मिळतात व पातळ पत्र्यास ती बरी. पण तार संपली तर खेड्यात मिळत नाही. रॉडचा पुडा मात्र तालुक्याच्या कोणत्याही लोखंडी सामानाच्या दुकानात मिळतो.

रॉडच्या यंत्रातही दोन जाती आहेत. पहिली जुनी, ट्रान्सफॉर्मरची: तांब्याच्या अगर ॲल्युमिनियमच्या वेटोळ्यांची, दोन माणसांनी उचलावयाची, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी. दुसरी नवी, इन्व्हर्टरची: पाच-सहा किलो वजनाची, खांद्यास अडकवून बांधावर नेता येणारी. जुनीच्या टिकाऊपणाविषयी आम्हांस आदर आहे. पण तिची भूक घरच्या विजेस सोसत नाही. जिचा मोकळा दाब ७० व्होल्ट आहे अशा ट्रान्सफॉर्मरवर १०० अँपिअरने काम केल्यास ती ७,००० व्होल्ट-अँपिअर ओढते, म्हणजे २३० व्होल्टच्या तारेतून सुमारे ३० अँपिअर. तेवढ्याच कामास साधा इन्व्हर्टर अठराच्या आसपास घेतो. ज्याच्या घरी एकच फेज आहे व संध्याकाळी दिवे आधीच मंद जळतात, त्याने जुनी वस्तू फुकट मिळाली तरी दोनदा विचार करावा.

यंत्राचा सात-बारा

आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. जमीन घेणारा मनुष्य विक्रेत्याच्या तोंडच्या वर्णनावर विसंबत नाही. तो सात-बारा मागतो, फेरफार पाहतो, बोजा आहे काय हे तपासतो. हे आम्ही शेकडो लोकांस सांगितले. तथापि वेल्डिंगचे यंत्र घेण्याची पाळी आली तेव्हा आम्हीच ते विसरलो.

यंत्राच्या दर्शनी बाजूस ठळक अक्षरांत २५० हा आकडा होता. दुकानदाराने सांगितले की हे अडीचशे अँपिअरचे आहे व किंमत मात्र दीडशेच्या यंत्राइतकी. आम्ही आनंदाने पैसे मोजले. जून महिन्यात पेरणीयंत्राची चौकट तडकली, तेव्हा आम्ही ३.१५ मिलिमीटरचे रॉड लावून बसलो. चार रॉड नीट जळले. पाचव्यास पिवळा दिवा लागून यंत्र बंद पडले. थंड होऊ दिले, पुन्हा लावले, पुन्हा बंद. उतावीळपणे तिसऱ्यांदा लावले तेव्हा आतून धूर निघाला. अवजार ट्रॉलीत घालून तालुक्यास नेले, तेथे तिसऱ्या दिवशी काम झाले; परत येतो तो पावसाची झड लागली व रान चिखल झाले. सोयाबीन दहा दिवस उशिरा पडले. त्या दहा दिवसांचा हिशेब यंत्राच्या किमतीहून किती तरी मोठा झाला.

मग आम्ही यंत्र उलटे करून मागची पाटी वाचली. बारीक अक्षरांत लिहिले होते: १६० अँपिअर, २० टक्के. हाच त्या यंत्राचा खरा उतारा होता. तो विकत घेण्यापूर्वी वाचावयाचा असतो. २५० हा आकडा कोठेही नव्हता.

हे टक्के म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे. सर्व निवडीचे मर्म त्यात आहे. दहा मिनिटांचा काळ धरून त्यात यंत्र किती मिनिटे ठिणगी देऊ शकते व किती मिनिटे निवावे लागते, याचे ते प्रमाण होय. २० टक्के म्हणजे दोन मिनिटे काम व आठ मिनिटे विश्रांती. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. प्रवाह कमी ठेवला तर हे प्रमाण झपाट्याने वाढते, कारण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्या हिशेबाने १६० अँपिअर व २० टक्के असे यंत्र अखंड चालवावयाचे तर अवघ्या ७० अँपिअरवर चालेल. परंतु १६० अँपिअर व ६० टक्के असे यंत्र सुमारे १२४ अँपिअरवर न थांबता चालू शकते. दोहोंच्या पाटीवर १६० च लिहिलेले आहे. पण एक बैल नांगरास जुंपण्याजोगा व दुसरा केवळ पोळ्याच्या मिरवणुकीचा. शिवाय हे प्रमाण सामान्यतः ४० अंश उष्णतेस मोजलेले असते; विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेले यंत्र त्याहून कमीच देईल, म्हणून ते नेहमी सावलीत ठेवावे.

आता आपली गरज मोजू. शेतीच्या कामात तीन ते आठ मिलिमीटर जाडीचे अँगल, पट्टी व चॅनेल यांचेच जोड बहुतेक असतात. त्यांस २.५ मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर व ३.१५ चा रॉड ९० ते १३० अँपिअरवर पुरतो. चार मिलिमीटरच्या रॉडाची गरज नवशिक्यास पडत नाही. यास्तव, पूर्ण प्रवाहावर ६० टक्के लिहिलेले १६० ते २०० अँपिअरचे यंत्र घ्यावे. आणि ज्याच्या पाटीवर टक्के लिहिलेलेच नाहीत ते यंत्र, नुसता २५०, ३०० असा आकडा असला तरी, हाती धरू नये. स्वस्त घेणे याचा अर्थ लहान पण खरे घेणे. मोठे पण खोटे घेणे नव्हे.

वीज

पाटीवर दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे यंत्र किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालते ती. खेड्यात दाब १८० पर्यंत उतरतो हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. सुमारे १६० ते २६० व्होल्टवर चालणारे यंत्र मिळाले तर थोडे अधिक पैसे देण्यास हरकत नाही.

८० अँपिअरवर २.५ चा रॉड जाळताना साधे इन्व्हर्टर यंत्र घरच्या तारेतून चौदा-पंधरा अँपिअर ओढते; म्हणजे १६ अँपिअरचा चांगला प्लग कसाबसा पुरतो. १२० अँपिअरवर ते तेवीसच्या घरात जाते, व तेथे तो प्लग वितळू लागतो. म्हणून चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची स्वतंत्र ओळ व ३२ अँपिअरचा एम.सी.बी. लायसन्सदार वायरमनकडून बसवून घ्यावा, व मंजूर भार कमी असेल तर वीज कंपनीकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. लांब व बारीक तारेने काय होते ते पाहा: दीड चौरस मिलिमीटरची तीस मीटर तार २० अँपिअरला चौदा व्होल्ट वाटेतच खाते, चार चौरस मिलिमीटरची तार पाचच खाते. आधीच १९० असलेल्या दाबातून चौदा गेले म्हणजे रॉड चिकटू लागतो आणि नवशिका आपल्या हातास दोष देतो.

एक गोष्ट कायद्याची. तारेवर आकडा टाकून यंत्र चालविणे ही सन २००३ च्या वीज अधिनियमाच्या कलम १३५ प्रमाणे चोरी होय; आणि ज्या कामाकरिता जोडणी मंजूर झाली त्याहून अन्य कामास ती वीज वापरणे हा कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. विहिरीवरच्या पंपाच्या पेटीतून यंत्रास वीज घेण्याचा मोह अनेकांस होतो. त्यांनी हे ध्यानी ठेवावे. जनरेटरवर काम करावयाचे असेल तर १०० अँपिअरच्या कामास निदान पाच के.व्ही.ए.चा असावा.

पैशाची वाटणी

दहा हजार रुपये खर्चण्याची ऐपत असेल तर ते सर्व यंत्रावर घालू नयेत. सहा-साडेसहा हजारांचे यंत्र पाहावे व उरलेल्यात मुखवटा, चामड्याचे लांब हातमोजे, खपली काढण्याची हातोडी, तारेचा ब्रश, वीज-जोडणी व रॉड यांची तरतूद करावी. यंत्राबरोबर मिळणाऱ्या केबली बहुधा आखूड असतात व कधी कधी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. एक तंतू चाकूने खरवडून पाहिल्यास आतला पांढरा रंग खरे ते सांगतो.

दुकानात यंत्र केवळ सुरू करून दाखविण्यावर समाधान मानू नये. ३.१५ चे पाच रॉड आपल्यासमोर ओळीने जाळून दाखविण्यास सांगावे. नकार मिळाल्यास नमस्कार करून बाहेर पडावे. दुरुस्ती कोठे होते, सुटे भाग कोण देतो, हमी किती महिन्यांची व ती पावतीवर लिहून मिळते की नाही, हे विचारावे. तोंडी हमी ही नोंद न झालेल्या खरेदीखतासारखी असते.

रॉड ई ६०१३ या जातीचे व आय. एस. ८१४ ची खूण असलेले घ्यावेत. ६० या आकड्याचा अर्थ असा की जोडाचा धातू दर चौरस इंचास निदान ६०,००० पौंड ताण सोसतो. साध्या लोखंडास तो पुरून उरतो. ई ७०१८ अधिक मजबूत खरा, पण तो भट्टीत कडक तापवून कोरडा ठेवावा लागतो, म्हणून प्रारंभी नको. उघडलेला पुडा पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. दमट रॉड तडतडतो व जोडात भोके पाडतो.

डोळे, आग व अंग

मुखवटा ही यंत्राची शोभा नव्हे, तो त्याचा अर्धा भाग आहे. गावात अनेक कारागीर नुसता काळा चष्मा लावून किंवा तोंड वळवून टाका मारताना दिसतात. त्यांचे अनुकरण करू नये. ठिणगीच्या अदृश्य किरणांनी डोळ्याचे बुबुळ भाजते. त्या क्षणी काहीच कळत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते व पाणी थांबत नाही. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी असले उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. ८० ते १३० अँपिअरच्या कामास १० किंवा ११ क्रमांकाची काच असावी. ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी काच हजार-दीड हजारांच्या आसपास मिळते. नवशिक्यास तिचा फार उपयोग, कारण रॉड कोठे टेकवितो आहोत हे त्यास दिसते. जवळ उभ्या राहणाऱ्या पोरांस प्रथम दूर घालवावे. त्यांचे कुतूहल मोठे व डोळे कोवळे.

अंगात जाड सुती कपडे व पायात बूट असावेत. टेरिलीनचा सदरा ठिणगीने वितळून कातडीस चिकटतो. कडब्याची गंजी, उसाचे पाचट व डिझेलचा डबा यांच्याजवळ काम करू नये, आणि काम संपल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा एकदा फेरी मारून पाहावे. डिझेलची टाकी किंवा औषधाचे पिंप रिकामे दिसले तरी त्यास कधीही रॉड लावू नये. आतली वाफ स्फोट करते. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपाचा धूर अंगात ताप आणतो. जोडाजवळचा मुलामा घासून काढावा, उघड्यावर काम करावे व तोंड वाऱ्याच्या वरच्या बाजूस ठेवावे. ओल्या जमिनीवर उभे राहून अगर भिजलेल्या हातमोज्याने रॉड बदलू नये. होल्डरमधला साठ-सत्तर व्होल्टचा दाब घामेजल्या अंगास घातक ठरू शकतो, आणि घरातला धक्का-प्रतिबंधक स्विच त्या बाजूचे रक्षण करीत नाही. ट्रॅक्टरवरच्या भागास जोड देताना बॅटरीची टोके सोडावीत आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून जाऊन ते खराब होणार नाही.

पहिला महिना

पहिले दोन पुडे भंगारावर जाळावेत. सहा मिलिमीटरच्या पट्टीवर २.५ चा रॉड ८० अँपिअरवर लावून, रॉडच्या जाडीइतकेच अंतर राखून, सरळ रेघ ओढण्याचा सराव करावा. अंतर बरोबर असले म्हणजे कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो. फटफट आवाज म्हणजे अंतर जास्त. नंतर दोन पट्ट्या काटकोनात एका बाजूनेच जोडून, शेगड्यात धरून, हातोडीने मोडून पाहाव्यात. जोड मुळाशी वितळला असेल तर तो वाकेल पण सहज सुटणार नाही. वरून सुंदर व आत गंज तसाच असेल तर एका घावात निघून येईल. ही परीक्षा कोणत्याही शिक्षकाहून स्पष्टवक्ती आहे. गंज, रंग व माती घासून काढल्याशिवाय जोड देणे म्हणजे ढेकळांत पेरणे होय. जवळ सरकारी आय.टी.आय. असेल तर तेथे वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. शिकविणाऱ्यांच्या परवानगीने चार दिवस पाहून आले तरी पुष्कळ कळते.

मग फाटक, गव्हाणीची चौकट, वखराची दांडी अशी कामे घ्यावीत. रोटाव्हेटरची पाती व मोगड्याचे स्प्रिंगदार फण कठीण पोलादाचे असतात. साध्या रॉडने जोडले तर जोडाशेजारीच मोडतात, ते बदलावेत. जुन्या नांगराचा ओतीव भाग असाच. त्यास निकेलचा महागडा रॉड व तापविण्याची कला लागते. आणि ट्रॉलीचा हुक, ट्रॅक्टरचा ड्रॉबार, जॅक व वजन उचलण्याच्या साखळ्या यांस नवशिक्याने हातच लावू नये. उसाने भरलेली ट्रॉली उतारावर सुटली तर आपला जोड कच्चा होता हे सांगण्यास वेळ उरत नाही. रस्त्यावर चालणाऱ्या मनुष्याचा त्यात काय अपराध? अशा कामास तालुक्याच्या कसबी कारागिराकडेच जावे. घरी यंत्र आले म्हणून त्याच्याशी असलेला संबंध तोडण्याचे कारण नाही.

असो. आम्ही दुसरे यंत्र घेतले ते १६० अँपिअरचे, ६० टक्क्यांचे. दिसावयास पहिल्याहून लहान. दुकानदाराने मोठे दाखविले, आम्ही ते उलटे करून पाटी वाचली व परत ठेवले. बंधूंनी हे काम उन्हाळ्यातच उरकावे, कारण एप्रिलमध्ये घेतलेले यंत्र जूनपर्यंत हातात बसते. जूनमध्ये घाईने घेतलेले यंत्र त्या हंगामास उपयोगी पडत नाही. मृग दरवर्षी येतो, पण त्या वर्षीचा वापसा एकदाच येतो.